अंगठा आणि अपवाद

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

2019 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अम्मी रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. आम्ही जुन्या नाशकात राहतो. दुकान फार लांब नाही, पण तिच्या गुडघ्यांना ते लांबच. पाण्याचा तांब्या हातात देऊन मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "अंगठा लागत नाही म्हणे." मग तिनं पदराला अंगठा पुसला, उजेडात धरून पाहिला आणि हसून म्हणाली, "मशीन को मैं पसंद नहीं."

माझी मुलगी पुण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करते. ती सुटीला आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून दुकानात गेलो. अम्मीनं पुन्हा अंगठा टेकवला. दुकानदारानं मशीनकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "मशीन नाही म्हणतंय. पुढे या." रांगेत आमच्या पुढे एक म्हातारबाबा होते, त्यांच्या वेळी रेंज गेली होती. त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. एका बाईंच्या कार्डावरचं नाव यादीत सापडलं नव्हतं. त्यांनाही हेच. तिघांची तीन दुखणी, औषध मात्र एकच, घरी जा.

मुलीनं वाकून मशीनचा पडदा वाचला. तिथं एक आकडा होता, 300. ती म्हणाली, "अब्बू, मशीन नुसतं नाही म्हणत नाहीये. ते कारण सांगतंय. तीनशे म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. दादीचं कार्ड ठीक आहे, रेंज ठीक आहे, फक्त ठसा जुळला नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये अशा गोष्टीला आम्ही एक्सेप्शन म्हणतो."

"म्हणजे अपवाद?" मी विचारलं.

"हो, अपवादच. आणि आमच्याकडे अपवादांचा अख्खा वंशवृक्ष असतो."

मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. कॉम्प्युटरशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण अपवाद हा शब्द माझ्या ओळखीचा होता, अगदी शाळेपासूनच्या. त्या दिवसापासून मी या वंशवृक्षाच्या मागे लागलो. मुलीला विचारत गेलो, जुनी पुस्तकं काढली. त्यातून जो इतिहास हाती आला तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात शाळेपासूनच करू. मराठी साहित्य महामंडळानं 1962 साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, 1972 साली त्यात आणखी चार घातले. त्यातला एक नियम तुमच्या-माझ्या हातावर छड्या देऊन गेला आहे. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा तो नियम. पाटी, जादू, पैलू. संस्कृतातून आलेले ऱ्हस्व शब्दही मराठीत सुटे लिहिताना दीर्घ होतात, बुद्धी, गती. अपवाद, आणि व नि. आता माझाच शब्द घ्या. संस्कृतात तो ऱ्हस्व, मराठीत 'कवी' दीर्घ. पण 'कविसंमेलन' लिहायचं झालं की पुन्हा ऱ्हस्व, कारण तत्सम शब्द समासात आधी आला तर त्याचं मूळ रूप राहतं. म्हणजे एका शब्दावर दोन नियम हक्क सांगतात. त्यातला कोणता ऐकायचा? दोन्ही एकदम ऐकता येत नाहीत. वेलांटी एक तर पहिली, नाही तर दुसरी.

हा प्रश्न आपल्याकडच्या वैयाकरणांना फार जुना. सामान्य नियमाला ते उत्सर्ग म्हणत आणि त्यातून बाहेर काढलेल्या जागेला अपवाद. पतंजलीच्या महाभाष्यात याचं एक घरगुती उदाहरण आहे. पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणलं, त्यामुळे माझ्यासारख्यालाही ते वाचता येतं. पंगत बसली आहे. यजमान सांगतो, ब्राह्मणांना दही वाढा आणि कौंडिण्याला ताक. आता कौंडिण्यही ब्राह्मणच आहे. पहिली आज्ञा त्यालाही लागू होते. मग त्याला दही आणि ताक दोन्ही वाढायचं का? नाही. त्याच्या नावानं वेगळी आज्ञा आहे म्हणून त्याला ताकच. जे नाव घेऊन सांगितलं ते सरसकट सांगितलेल्यापेक्षा बलवान.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकात काशीला राहणारे मराठी पंडित नागोजीभट्ट काळे यांनी 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ लिहिला. परिभाषा म्हणजे नियमांविषयीचे नियम. दोन सूत्रं एका शब्दावर भांडू लागली तर कोणाचं चालेल, याचा तिथं निवाडा आहे. त्यात चक्क एक उतरंड सांगितली आहे. आधीच्या नियमापेक्षा नंतरचा बलवान. त्याहून बलवान तो, जो दुसरा नियम लागो न लागो, लागू होतोच. त्याहून बलवान तो, ज्याचं कारण शब्दाच्या अधिक आतल्या भागात आहे. आणि या सगळ्यांच्या वर अपवाद. शिवाय कामाचा क्रमही सांगितला आहे. आधी अपवादाची जागा बाजूला काढून ठेवा, मग उरलेल्या जागेवर सामान्य नियम चालवा. हा ग्रंथ जगापुढे गेला तो पुण्याहून. फ्रान्झ कीलहॉर्न हा जर्मन विद्वान 1866 साली डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. त्यानं मूळ ग्रंथ आणि त्याचं इंग्रजी भाषांतर बॉम्बे संस्कृत सीरिजमधून 1868 ते 1874 या काळात छापलं.

मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर आमचंच आहे." मी म्हटलं, थांब. कॉम्प्युटरवाल्यांनी नागोजीभट्टांकडून उचललं असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसा काही पुरावा नाही, आणि असले दावे करून आपण आपलंच हसं करून घेतो. प्रश्न सारखा होता, म्हणून उत्तर सारखं आलं. पण सारखेपणा कुठं आहे आणि कुठं संपतो, हे पाहण्यासारखं आहे.

आता कॉम्प्युटरकडे वळू. प्रोग्रॅम म्हणजे कामांची साखळी. एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. तळाच्या कामाला अडचण आली, समजा फाइल सापडली नाही, तर त्यानं वरच्याला कसं कळवायचं? जुनी पद्धत होती आकडा परत पाठवण्याची. उत्तराच्या जागी उणे एक आला की समजायचं, काहीतरी बिनसलं. नेमकं काय बिनसलं त्याचा आणखी एक आकडा वेगळा ठेवलेला असे. युनिक्स पद्धतीत 2 म्हणजे फाइल नाही, 13 म्हणजे परवानगी नाही. बोलावणाऱ्यानं प्रत्येक वेळी हा आकडा तपासायचा. तो विसरला तर चूक तशीच आत मुरते आणि तिसऱ्याच ठिकाणी फुटते.

1960च्या दशकात आयबीएमनं पीएल-वन नावाची भाषा आणली. तिच्यात प्रथमच मोठ्या प्रमाणावर अशी सोय झाली की अमुक घडलं तर तमुक करा, हे वेगळं सांगून ठेवता येईल. शून्यानं भागाकार झाला तर काय, फाइल संपली तर काय. पुढे 1975 साली जॉन गुडइनफ या अमेरिकन संशोधकानं या विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही पायाभूत मानतात. त्यातला एक विचार मला फार पटला. अडचण ज्याला दिसते त्याला तिचा पूर्ण अर्थ कळत नाही. तो अर्थ कळतो काम सांगणाऱ्याला. फाइल सापडली नाही, हे तळाच्या कामाला दिसतं. पण ते संकट आहे की नेहमीची गोष्ट, हे वरच्यालाच माहीत. पहिल्यांदाच प्रोग्रॅम सुरू होत असेल तर फाइल नसणारच, ती नवीन करायची. पगाराची फाइल असेल तर मात्र महिनाअखेर बोंब.

म्हणून पुढच्या भाषांनी फेकणं आणि झेलणं ही जोडी पक्की केली. इंग्रजीतही शब्द तेच आहेत, थ्रो आणि कॅच. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटसारखं समजा. तळाचं काम अडचण फेकतं. त्याच्या वरच्याला झेलता आली तर तो झेलतो. नाही तर ती आणखी वर जाते, आणखी वर. कोणीच झेलली नाही तर प्रोग्रॅम कोसळतो.

पण झेलायचं कसं? फेकलेल्या वस्तूला नाव हवं. 1983 साली प्रमाणित झालेल्या एडा या भाषेत अंगभूत अपवाद पाचच होते. मर्यादा ओलांडली, आकडेमोड बिघडली, प्रोग्रॅमची रचना बिघडली, साठवण संपली, एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा ताळमेळ चुकला. पाच नावं, एका ओळीत, कोणाचं कोणाशी नातं नाही. एडाच्या आराखड्यावर टोनी होअर या मोठ्या संगणकशास्त्रज्ञानं 1980 सालचा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना कडक टीका केली होती. अपवादांची ही सोयच त्याला धोक्याची वाटत होती.

धोका सोळा वर्षांनी दिसला. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-5 हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे 40 सेकंदांत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम एडात लिहिलेला होता. तो आधीच्या एरियान-4 वरून तसाच उचललेला. नवं रॉकेट जास्त वेगानं आडवं सरकत होतं. त्या वेगाचा एक आकडा 64 बिटांच्या जागेतून 16 बिटांच्या जागेत भरायचा होता, तो मावला नाही. अपवाद फेकला गेला. म्हणजे चूक मशीनला दिसली, तिला नावही होतं. पण अशा सात आकड्यांपैकी चारांनाच झेल लावलेला होता, या आकड्याला नव्हता. आणि मूळ आराखड्यात गृहीत धरलेलं होतं की अपवाद आला म्हणजे यंत्राचा एखादा भाग अचानक निकामी झाला असणार. तेव्हा ते यंत्र बंद करा आणि जोडीचं दुसरं वापरा. दुसऱ्यातही तोच प्रोग्रॅम. ते तर क्षणभर आधीच बंद पडलं होतं. गंमत नव्हे, दुःख असं, की ज्या हिशेबात हे घडलं त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

हे वाचताना मला माझे अब्बा आठवले. आमचं मूळ घर मालेगावचं. अब्बा यंत्रमागावर कारागीर होते. मागाच्या बिघाडांना तिथं एकच उत्तर नसतं. बाण्याचा धागा तुटला की एका लहान काट्याला तो लागत नाही आणि माग आपोआप थांबतो. कांडी बदलायची, पुन्हा सुरू. धोटा पलीकडे न पोहोचता मध्येच अडकला तर त्यासाठी निराळी युक्ती, नाही तर एका ठोक्यात शेकडो धागे तुटतील. आणि ताण्याचा धागा तुटला तर? साध्या मागाला ते कळतच नाही. तिथं कारागिराचे डोळेच हवेत. तीन बिघाड, झेलणारे तीन. प्रत्येक वेळी मागच बदला, असं म्हणणारा मालक आठवडाभरात बुडाला असता.

तर मग नावांमध्ये नातं कसं आणायचं? 1990च्या सुमारास सी प्लस प्लस या भाषेत बियार्न स्ट्राउस्ट्रुप आणि अँड्र्यू कोनिग यांनी अपवादांची रचना मांडली. तिच्यात अपवादांची कुळं करता येत होती. पाच वर्षांनी आलेल्या जावानं हे कुळ भाषेबरोबरच भरून दिलं. भाषेबरोबर जे तयार सामान मिळतं त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. नव्या सुनेला स्वयंपाकघरात आधीच लावलेले डबे मिळतात, तसं. डब्यांवर काय लिहिलं आहे, यावर पुढची कित्येक वर्षं घर चालणार असतं. जावाच्या कुळात सगळ्यात वर एक मूळपुरुष, फेकता येण्याजोगं जे जे काही आहे ते. त्याला दोन मुलं. एक गंभीर बिघाड, जसं मेमरी संपणं, जिथं सामान्य प्रोग्रॅमनं फार काही करू नये. दुसरं अपवाद, ज्यातून सावरता येईल. अपवादाच्या पोटी देवाणघेवाणीचे अपवाद, आणि त्यांच्या पोटी फाइल सापडली नाही हा अपवाद.

याचा फायदा काय? ज्याला फक्त हरवलेल्या फाइलचं पाहायचं आहे, त्यानं तेवढाच झेल लावावा. ज्याला देवाणघेवाणीच्या सगळ्याच अडचणी सारख्या, त्यानं वरच्या नावानं झेल लावावा, खालची सगळी मुलंबाळं त्यात येतात. आणि दोन्ही लावायचे असतील तर? विशिष्ट आधी, सामान्य नंतर. उलटं लिहिलं तर सामान्य झेल सगळंच गिळतो आणि विशिष्टाची पाळी येतच नाही. जावा असला उलटा प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते. पंगतीत आधी कौंडिण्य कुठं बसला आहे ते पाहा, मग दह्याचं भांडं फिरवा. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याहून जगापुढे गेलेला क्रम तो हाच.

जावानं आणखी एक सक्ती केली. काही अपवाद असे की ते झेला, नाही तर 'हे माझ्याकडून वर जाऊ शकतं' असं लिहून द्या. हेतू चांगला होता. पण सक्तीला माणसं पळवाट काढतात. पुष्कळांनी झेल लावले आणि आत काहीच लिहिलं नाही. चूक आली, झेलली, खिशात घातली, कोणाला पत्ता नाही. 2002 साली मायक्रोसॉफ्टनं सी शार्प आणली तेव्हा ही सक्ती मुद्दाम वगळली. हा वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र तो रिकामा झेल ओळखीचा वाटला. "पुढे या" म्हणणारा दुकानदार तेच करत होता.

मला सर्वांत आवडलेली हकीकत पायथन या भाषेची आहे. सुरुवातीला तिथं अपवाद म्हणजे नुसती शब्दांची ओळ असे. मग त्यांची कुळं झाली. पण कुळं पडली ती सामान कुठून आलं यावरून. फाइलच्या कपाटातली चूक वेगळी, नेटवर्कच्या कपाटातली वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी, विंडोजची आणखी वेगळी. वापरणाऱ्याला मात्र कळायला हवं होतं ते हे, की वस्तू सापडत नाही, की परवानगी नाही, की समोरच्यानं जोडणी तोडली. ते कळण्यासाठी पुन्हा आतला 2 किंवा 13 हा आकडा उघडून पाहावा लागे. 2012 साली आलेल्या पायथन 3.3 मध्ये आंत्वान पित्रू या प्रोग्रॅमरच्या प्रस्तावावरून हे सगळं मोडून पुन्हा बांधलं. उगमावरून पडलेली घरं एका मोठ्या घरात मिसळली आणि त्यात नव्या खोल्या केल्या त्या अर्थावरून. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, जोडणी नाकारली, वेळ संपली. आकड्यांना नावं मिळाली. आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनी नावंही नव्या घराच्या पाटीवर ठेवली.

त्याच्या आधी 2006 साली त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली होती. माणसानं प्रोग्रॅम थांबवण्यासाठी कळ दाबली तर तीही एक फेकलेली गोष्टच. ती पूर्वी सामान्य चुकांच्या कुळात मोडे. त्यामुळे सगळ्या चुका गिळणारा प्रोग्रॅम माणसाचं 'थांब' हेही गिळून पुढे चालत राही. म्हणून तिला त्या कुळातून काढून वर, वेगळं बसवलं. माणसाचं म्हणणं म्हणजे बिघाड नव्हे.

या सगळ्या इतिहासातून मला जे कळलं ते एवढंच. चूक कुठून आली यावरून तिला नाव देणं सोपं असतं, कारण देणाऱ्याला तेच दिसतं. पण उपयोगी नाव ते, ज्यावरून झेलणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळेल. व्याकरणाचा अपवाद आणि कॉम्प्युटरचा अपवाद इथं वेगळे होतात. वैयाकरणाला शब्द सिद्ध झाला की पुरे. इथं शेवटी कोणीतरी माणूस उभा असतो, पिशवी घेऊन.

आता पुन्हा रेशनच्या दुकानात येऊ. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. पुढे ठसा पडताळण्याची यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या चुकांची यादीही झाली. तीही कुळं पाडलेली आहे, फक्त नावांऐवजी आकडे. 100 म्हणजे नावगावाची माहिती जुळली नाही. 200 म्हणजे पत्ता जुळला नाही. 300 म्हणजे शरीराची खूण जुळली नाही. त्याच घरात 330, म्हणजे माणसानं स्वतःच आपल्या खुणांना कुलूप लावलं आहे. 400 म्हणजे मोबाइलवर आलेला संकेतांक चुकला. 500 पासून पुढे मशीन-मशीनमधल्या देवाणघेवाणीतले घोटाळे. आणि अगदी शेवटी 999, अज्ञात चूक. बांधणाऱ्यांनी विचार केला होता, हे मान्य करायला हवं. पण हे सगळं तळाच्या कामापासून दुकानाच्या पडद्यापर्यंत आलं आणि तिथं सगळ्याचं एकच वाक्य झालं. नऊशे नव्व्याण्णवही नाही, नुसतं 'नाही'.

वर बसलेल्यांनाही हे कळलं होतं. 24 ऑक्टोबर 2017 रोजी आधार प्राधिकरणानं एक परिपत्रक काढलं. त्याच्या विषयातच प्रोग्रॅमवाल्यांचे शब्द आहेत, एक्सेप्शन हँडलिंग, म्हणजे रेशन आणि इतर कल्याणकारी योजनांमध्ये अपवाद कसे हाताळावेत. माझ्या माहितीप्रमाणे कॉम्प्युटरच्या पुस्तकातला हा शब्द धान्याच्या पोत्यापर्यंत आला तो असा. सार असं, की ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाचा ठसा घ्या, डोळ्याच्या बुबुळाची खूण घ्या, मोबाइलवर संकेतांक मागवा. यातलं काहीच जमलं नाही तर कार्ड पाहून धान्य द्या आणि अपवादांच्या नोंदवहीत लिहून ठेवा. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सवलतीच्या योजनांसाठी आधार वैध ठरवलं, पण पडताळणी फसली म्हणून हक्कदार वंचित राहू नये, हेही नोंदवलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं मत बहुमताच्या विरोधात होतं. ठसा न जुळल्यानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या माणसांची काळजी त्यांच्या निकालपत्रात ठळकपणे आहे.

तेव्हा नियम होता, अपवाद होता, अपवादाची प्रतवारी होती आणि झेलण्याचा क्रमही होता. कमी होती ती झेलणाऱ्याची. माझ्या मुलीच्या भाषेत सांगायचं तर दुकानात रिकामा झेल लावलेला होता, म्हणून अडचण वर जातच नव्हती. तिथंच गडप होत होती.

आम्ही ती वर नेली. एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या एका मध्यमवयीन बाईंनी अम्मीला आधी खुर्ची दिली. कार्ड पाहिलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे कार्ड अम्मीच्या नावावर. त्यांनी विचारलं, "मशीनवर काय आलं होतं?" दुकानापासून इथपर्यंत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मुलगी म्हणाली, "तीनशे." बाईंनी मान हलवली. माझा मोबाइल क्रमांक अम्मीच्या आधारला जोडण्याचा अर्ज भरून घेतला, पुढच्या महिन्यापासून संकेतांकावर धान्य मिळेल असं सांगितलं आणि या महिन्यासाठी दुकानदाराला फोन करून नोंदवहीत लिहून धान्य द्यायला सांगितलं.

आम्ही दुकानात परत गेलो. त्या दुकानदाराचा मला राग आला होता, पण त्यानं कपाटातून ती नोंदवही काढली तेव्हा ती कोरी होती हे पाहून रागापेक्षा नवलच वाटलं. पहिल्या पानावरची पहिली ओळ अम्मीची. तारीख, कार्डाचा क्रमांक, नाव. मग एक रकाना, 'कारण'. त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा, बोटाचा ठसा जुळत नाही." त्यानं लिहिलं.

अम्मीला मराठी वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं. मालेगावात तीस वर्षं तिनं अब्बांच्या मागासाठी कांड्या भरल्या. सूत सारखं त्याच बोटांवरून जायचं. ती अंगठा पुढे करून दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, कांड्या भरून भरून गेला, तेपण लिव्हा ना."

रकाना लहान होता. त्यानं बाजूच्या समासात लिहिलं.